रिकाम्या रिंगखाली

इलोइलो, १२ जून १९९४

प्रिय एदिता,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. हाँगकाँगात शाई महाग झाली असेल तर कळव, मी इकडून बाटली पाठवतो.

बूट मिळाले. नेमक्या मापाचे, निळ्या पट्टीचे. संघात ते हातोहात फिरले, पोंसिंगने तर हुंगूनसुद्धा बघितले. म्हणाला, बायको असावी तर अशी, परदेशात राहून बूट पाठवणारी. मी म्हटलं, तुझी तर जवळ राहून तुला कॉफीसुद्धा विचारत नाही. तेव्हा कुठे बूट परत दिले.

आता मुद्द्याचं लिहितो. हे भांडी घासता घासता वाचू नकोस, हात पुसून नीट बसून वाच. ऑगस्टमध्ये तुझा करार संपतोय. मालकीण पुढच्या दोन वर्षांचा कागद पुढे करेल. सही करू नकोस. मनिलाहून माणूस येतोय. बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमधला, ज्यांचे सामने टीव्हीवर दिसतात त्या संघाचा. कोच पास्कुआलने मला बाजूला घेऊन सांगितलं की या मोसमात त्याच्या नजरेत भर. भरेन की. सहा फूट एक इंचाचा माणूस या बेटावर लपणार कुठे?

मला या सार्डिनच्या डब्याचा कंटाळा आलाय गं. कंपनी पगार देते, संघ चालवते, सगळं कबूल, पण छातीवर माशाचं चित्र घेऊन धावायचं म्हणजे काय! जिंकलो की लोक ‘डबा, डबा’ ओरडतात आणि हरलो की म्हणतात, वास यायला लागला. मनिलाच्या संघाच्या जर्सीवर निदान बिअरचं नाव असतं. त्याला काही मान आहे.

आपली मिना माझ्या आईपाशी गावी, लिबुतानला मजेत आहे. पुढचा दात पडला. तो छपरावर टाकायचा म्हणून रडून गोंधळ घातला, मग मीच टाकला. उंच बापाचा तेवढा उपयोग.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी पडलो होतो ते तुझ्या लुईसाने आत्ता कुठे तुला कळवलं वाटतं. तुझी चुलत बहीण म्हणून सोडतो, नाहीतर त्या बाईला दुसरा उद्योग नाही. जरा मुरगळलं होतं, उतरलं. संध्याकाळी मासळीवाल्या नेनाकडे तिच्या बर्फाच्या पेटीत पाय घालून बसतो, पण ते गार वाटतं म्हणून. इथे उकाडा केवढा आहे, तू विसरली असशील.

सही करू नकोस.

तुझाच,
फेर्मीन


इलोइलो, ४ सप्टेंबर १९९४

एदिता,

केलीस सही.

मी चिडून लिहीत नाहीये. चिडलोय, पण चिडून लिहीत नाहीये. आठवडाभर थांबून मग कागद घेतला, यावरून समज.

तुझं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं नाही. बरं. पळता मीच ना? मग लागली असतीस नवऱ्याच्या पाठीमागे थोडी, काय बिघडलं असतं?

आणि हो, तू जिंकलीस. मनिलाचा माणूस आला, दोन सामने बघितले, पिशवीभर शेंगदाणे खाल्ले आणि रेनांतेला घेऊन गेला. रेनांते म्हणजे तो पोरगा, ज्याला पास कसा द्यायचा ते मी शिकवलं. एकवीस वर्षांचा आहे. मला त्या माणसाने वय विचारलं. मी म्हटलं, सत्तावीस. तो हसला. म्हणाला, दोन वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हाही तू सत्तावीसचाच होतास.

जाता जाता म्हणाला, तू डाव्या पायावरून उडी घेत नाहीस. मी म्हटलं, सवय. त्याने शेंगदाण्याची टरफलं झटकली आणि गेला.

पण पुढचा मोसम आहे. कोच म्हणतात, अशी माणसं दर वर्षी येतात. तू तिथली दोन वर्षं काढ, मी इथली काढतो, आणि मग बघू कोण कुणाला बोलावतं.

मिनाला शाळेत घातलं. बाईंनी विचारलं, आई काय करते? तर म्हणाली, आई दुसऱ्यांच्या मुलांना आंघोळ घालते. सगळा वर्ग हसला म्हणे. मी बाईंना भेटून आलो. काय बोललो ते विचारू नकोस.

फेर्मीन


पानागसा, २० फेब्रुवारी १९९५

एदिता,

पत्त्याकडे बघून दचकू नकोस. मी आता पानागसाचा रहिवासी आहे. कायदेशीर! लिबुतानात जन्मलो, लिबुतानात बाप्तिस्मा झाला, तिथल्याच चर्चच्या आवारात पहिला बॉल हातात घेतला, आणि आता नदीपलीकडच्या या शेंबड्या गावाच्या मतदारयादीत माझं नाव आहे.

त्याचं असं झालं. फेस्ताच्या, गावजत्रेच्या लीगमध्ये गावोगाव भाड्याने खेळाडू आणतात हे तुला ठाऊकच आहे. या वर्षी गावांनी मिळून नियम केला की संघात बाहेरचे दोनच, बाकी सगळे गावचे. पानागसाचा मेयर गाल्बान हुशार. त्याने बाहेरचे दोन आणले ते आणलेच, वर मला गावचाच करून टाकलं. बाजाराच्या माडीवर खोली दिली, वर्गणी नाही, भाडं नाही, शनिवार-रविवारी येऊन राहायचं आणि खेळायचं. म्हणाला, मत पण माझं आणि माणूस पण माझा. निवडणूक मे महिन्यात आहे ना.

कंपनीच्या करारात बाहेर खेळायला बंदी आहे. ते मला ठाऊक आहे, कोचना ठाऊक आहे, मालकालासुद्धा ठाऊक असावं. सगळेच खेळतात. पोंसिंग तर तीन गावांचा रहिवासी आहे.

तू म्हणशील, ह्याला ही हाव कशाला. हाव नाही गं. कंपनीच्या संघात मी हल्ली बाकावर जास्त बसतो. बाकावर बसलेला माणूस मनिलाच्या माणसाला दिसत नाही. इथे मला पूर्ण वेळ खेळवतात, पेपरात नाव येतं, रेडिओवर घेतात. जखम वगैरे काही नाही, तो विषय तू काढू नकोस. शेवटच्या पत्रात तीनदा काढलास.

तुझं ते वाक्य मात्र लागलं. ‘कुठल्याही गावाचा होशील, घरचा तेवढा होत नाहीस.’ हे हाँगकाँगात बसून लिहिलंस, याचं मला हसू आलं आणि मग आलं नाही.

फेर्मीन


लिबुतान, १३ मे १९९५

एदिता,

देवाचा विनोद बघ. अंतिम सामना पानागसा आणि लिबुतान यांच्यात. परवा, सान इसिद्रोच्या फेस्ताच्या दिवशी, लिबुतानच्या चर्चसमोरच्या कोर्टवर. म्हणजे ज्या खांबाला मी लहानपणी बापाच्या सायकलची रिंग बांधली होती, त्या खांबावर मला लिबुतानविरुद्ध बॉल टाकायचाय.

आमचं गाव लीगमध्ये कधी पहिल्या फेरीच्या पुढे गेलं नव्हतं. मला काय स्वप्न पडलं होतं, की ज्या वर्षी मी नदी ओलांडीन त्याच वर्षी यांना पाय फुटतील?

मी काल आलो. गल्लीत पाऊल टाकलं आणि मुलं ‘उपरा, उपरा’ करत मागे लागली. न्हावी दाढी करायला तयार नाही. म्हणाला, पानागसात न्हावी नाहीत का? शेवटी केली, पण मानेपाशी वस्तरा थांबवून असा बघत होता की मी सगळे संत आठवले.

आई बोलत नाही. दोन कारणं. एक म्हणजे हा सामना. दुसरं म्हणजे सकाळी चर्चमध्ये मी गुडघे टेकले नाहीत, नुसता वाकून बसलो. तिने सगळ्यांदेखत चिमटा काढला. घरी येऊन म्हणते, देवाशी भांडलास का? आता तिला काय सांगू. बाकं जवळजवळ आहेत, माझे पाय लांब, मावत नाहीत, असं सांगितलं. ती म्हणाली, बाकं तीच आहेत आणि पायही तेच आहेत.

मिनाने विचारलं, मी कुणाच्या बाजूने ओरडू? मी म्हटलं, गावाचं नाव घेऊ नकोस, माझं घे. तिला पटलं. पोरगी तुझ्यासारखी आहे, पटलं की लगेच मान डोलावते, आणि मग करते आपल्या मनाचंच.

रेडिओवाल्यांनी सांगितलंय की परवा मनिलाहून कुणीतरी येणार आहे. फेस्ताला पाहुणा म्हणून. पण बघायला डोळे घेऊनच येईल ना.

एवढा एक सामना, एदिता.

फेर्मीन


लिबुतान, १७ मे १९९५

एदिता,

लुईसाच्या आधी माझं पत्र तुला मिळावं म्हणून हे शहरात जाऊन टाकणार आहे. तुझ्या कानावर काहीही आलं तरी आधी हे वाच.

सामना अटीतटीचा झाला. मी चांगला खेळलो, हे विरुद्ध बाजूचेही सांगतील. शेवटी लिबुतान एका गुणाने पुढे होतं आणि थोडाच वेळ उरला होता. त्यांच्या पोराच्या हातातून बॉल सुटला, मी उचलला आणि निघालो. पुढे कुणी नाही. एकसुद्धा माणूस नाही. सगळे माझ्या मागे. समोर फक्त तो खांब, ती रिंग, आणि तिच्यामागे चर्चचा दरवाजा.

लोक एकदम गप्प झाले. चर्चच्या पायरीवरून एकटी मिना ओरडली, ‘बाबा!’ ते मला ऐकू आलं.

हा बॉल आईसुद्धा टाकू शकली असती. मी उडी घेतली. म्हणजे घ्यायला गेलो आणि उडी आलीच नाही. डावा पाय खाली होता आणि नव्हता. बॉल हातातून सटकला, रिंगला खालून लागला, बाहेर. शिट्टी झाली. संपलं.

मी गुडघ्यांवर पडलो होतो. आईला वाटलं असेल, टेकले एकदाचे.

पानागसाचे लोक कुंपण ओलांडून आले. ‘सामना विकला! विकला!’ एकाने बाटली मारली, ती पानागसाच्याच कोचला लागली. पण खरं वाईट त्यापुढेच आहे. लिबुतानवाल्यांनी मला उचललं. खांद्यावर घेतलं, गं. ज्या न्हाव्याने वस्तरा थांबवला होता तो माझे पाय धरून नाचत होता. कानात म्हणाला, ‘रक्त शेवटी रक्तच असतं रे, आम्हाला माहीत होतं.’ मी ओरडून सांगत होतो की पाय गेला, पाय गेला. ते हसत होते. डोळे मिचकावत होते. म्हणत होते, हो हो, पाय गेला, बरोबर, असंच सांग.

मी विकला नाही. माझ्या बापाच्या थडग्यावर हात ठेवून सांगतो. तू तरी विश्वास ठेव. बाकी जग गेलं खड्ड्यात, मला फक्त तुझं उत्तर हवंय.

फेर्मीन


लिबुतान, ११ जून १९९५

एदिता,

तुझं उत्तर आलं. दोन शब्द. ‘किती घेतलेस?’

लुईसाने डुकराचं कळवलं असणार. तर ऐक डुकराची गोष्ट. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी लिबुतानच्या मेयरने आख्खं भाजलेलं डुक्कर आईच्या दारात पाठवलं, तोंडात पेरू घातलेलं, बँडसकट. मी आत पाय वर करून पडलो होतो. आईने घेतलं. काय करणार ती? फेस्ताच्या दिवसांत दारात वाजतगाजत आलेलं ताट परत पाठवलं, तर उद्या तिच्या मयताला चार माणसं जमणार नाहीत. तिने कापलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाढलं. तुझ्या लुईसाने दोनदा घेतलं, कातडी वेगळी मागून घेतली. आणि घरी जाऊन तोच हात धुऊन तुला पत्र लिहिलं.

ते डुक्कर नदीपलीकडे पोचायला काय वेळ लागतो? पानागसात माझी खाट माडीवरून रस्त्यावर फेकली. मेयर गाल्बान रेडिओवर म्हणाला की मी त्याला घर दिलं, त्याने डुक्कर खाल्लं. मी तर एक तुकडासुद्धा खाल्ला नव्हता. सार्डिनवाल्यांनी काढून टाकलं. कारण म्हणे बाहेर खेळलो. पोंसिंगने माझं सामान बांधून बसवर चढवलं, पण स्वतः भेटायला आला नाही.

मनिलाचा माणूस आलाच नव्हता. त्याचं पोट बिघडलं होतं म्हणे.

ठीक. आता लिहितो. माझा डावा गुडघा गेलाय. गेल्या महिन्यात नाही, त्र्याण्णवच्या मार्चमध्ये. तेव्हा आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला आला होता. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कंपनीने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू मनिलाचं नाव काढू दिलं नसतंस. बर्फ, मलमपट्टी, म्हातारा हाडवैद्य इस्को, गोळ्या, सगळं केलं. कधी महिनाभर धरायचा, कधी जिना उतरताना दगा द्यायचा. त्या दिवशी तिथे दिला.

इलोइलोच्या इस्पितळात जाऊन आलो. डॉक्टरने गुडघा इकडे तिकडे हलवला आणि विचारलं, तू यावर खेळत होतास? मी म्हटलं, लिहून द्या, माझ्या बायकोला दाखवायचंय. त्याने फोटो काढला. फोटोत हाडं धडधाकट दिसतात. म्हणाला, आतला दोर फोटोत येत नाही, तो हाताला कळतो. आता माझा गुडघा पाकिटात घालून कसा पाठवू?

मी तुला वर्षभर सांगत आलो की काही झालेलं नाही. आज खरं सांगतोय तर मलाच माझं पत्र खोटं वाटतंय. तुला काय वाटेल ते मी समजू शकतो. पण तरी लिहितोय, की विकला नाही.

फेर्मीन


लिबुतान, ८ ऑगस्ट १९९५

एदिता,

पत्र नाही. टपालवाला मला बघून लांबूनच मान हलवतो.

मिनाच्या शाळेचे पैसे आईच्या नावाने पोचले. पूर्वी माझ्या नावाने यायचे.

फेर्मीन


लिबुतान, ३० नोव्हेंबर १९९५

एदिता,

तू वाचतेस की नाही ठाऊक नाही. वाचत नसशील तर आणखीच मोकळेपणाने लिहितो.

मला काम मिळालं. गावच्या कोर्टचा राखणदार. झाडायचं, रेषा रंगवायच्या, लीगच्या वेळी पंचांना पाणी द्यायचं, रिंगला नवं जाळं बांधायचं. मेयरने स्वतः बोलावून दिलं. मी आधी नाही म्हणायला गेलो होतो, खरंच. मी म्हटलं, साहेब, मी सामना सोडला नव्हता, माझा पाय गेला होता. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘फेर्मीन, तुझ्यासारखा माणूस हे तोंडाने कबूल करणार नाही, म्हणून तर गावाला तुझा अभिमान आहे.’

आता याच्यापुढे काय बोलणार? खरं बोलावं तर लोक म्हणतात, बघा किती विनयशील!

दुसरं काम बघितलं होतं. मासळीच्या धक्क्यावर पाट्या उचलायला गेलो, तिसऱ्या खेपेला पाय मुडपला आणि मासे, मी, सगळे पाण्यात. उसाच्या ट्रकवर कुणी घेत नाही. तिशी झाली की खेळाडूला हात असतात, पाय असतात, पण कामाचं काही येत नाही. शाळा मी बॉलसाठी सोडली हे तुला सांगायला नकोच.

तर घेतलं काम. संध्याकाळी बांबूच्या बाकावर लोक माडीचे पेले घेऊन बसतात आणि मला बोलावतात. सांग रे, कसं केलंस. आधी मी उठून जायचो. मग गप्प बसायला लागलो. गेल्या रविवारी न्हाव्याच्या मेहुण्याला मीच सांगितलं की उडी घेताना मला चर्चचा दरवाजा दिसला आणि मी हात आखडला.  एक म्हातारा तर रडला. कुणीतरी माझा पेला भरला.

मी तो प्यायलो.

फेर्मीन


लिबुतान, २५ फेब्रुवारी १९९६

एदिता,

खोका पोचला. साबण, कॉफी, डबाबंद मांस, आईला शाल, मिनाला रंगपेट्या आणि तो गुलाबी कोट. इथे कोट कशाला, म्हणून आम्ही हसलो. मग तुझं पत्र वाचलं आणि कोट कशाला ते कळलं.

तळाशी माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा होता, आतून लोखंडी पट्ट्या बसवलेला. लावून बघितला. नेमका बसतो.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की आता न बघता लिहू शकेन. तू लिहितेस, ‘तू विकला नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गुडघा गेलाय हेही माहीत होतं, बर्फाच्या पेटीत पाय घालून बसतोस असं लिहिलंस त्या दिवसापासून. उकाडा मी विसरलेले नाही, पण उकाड्यात कुणी एकच पाय गार करत नाही. मी सही करायच्या आधी तीन आठवडे तुझ्या पत्राची वाट बघितली. तू गुडघ्याचा ग जरी काढला असतास तरी मी परत आले असते. मनिलाला जाणाऱ्या नवऱ्यासाठी नाही, लंगड्या नवऱ्यासाठी आले असते. तू काढला नाहीस. मग मी ठरवलं की आता मलाच कमवायचंय, कायम. किती घेतलेस, हे मी मुद्दाम विचारलं. म्हटलं, चोर ठरवल्यावर तरी हा खरं बोलेल. बोललास. पण तोवर माझं मन उठलं होतं.’

मी एक पाय की दोन पाय असं लिहिलं होतं का? मला आठवत नाही. तू म्हणतेस तर लिहिलं असेल.

म्हणजे तू विश्वास ठेवलास. नऊ महिने मी देवाकडे एवढंच मागत होतो, आणि ते माझ्याकडे पहिल्यापासून होतं. आता त्याचं करू काय, ते सांग.

कॅनडाचे कागद झाले हे वाचलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईकडे राहून दोन वर्षं काम, मग मिनाला बोलावता येतं. तुझ्या पत्रात मिनाचं नाव आहे, आईला दर महिन्याला काय पाठवशील ते आहे. माझ्याबद्दल लिहिलंयस, ‘तुझं अजून ठरवलं नाही.’ तू कुठलीही गोष्ट न ठरवता पत्र टाकत नाहीस, एदिता. एवढं तरी मी तुला ओळखतो.

मी अडवणार नाही. कागदावर बापाची सही लागेल ती पाठव, करून देईन. या वेळी सही माझी.

फेर्मीन


लिबुतान, १६ मे १९९६

एदिता,

काल फेस्त झालं. अंतिम सामना आमच्याच कोर्टवर होता. रेषा मी रंगवल्या होत्या, सरळ आल्या. मध्यंतरात मेयरने मला कोर्टच्या मधोमध बोलावून गळ्यात फुलांची माळ घातली आणि कर्ण्यावरून सांगितलं की पैसा सगळ्यांना मिळतो, गाव एकदाच मिळतं. लोक उभे राहिले. पानागसाचेसुद्धा काही जण टाळ्या वाजवत होते, वर्ष झालं ना. पट्टा पँटच्या आत लावला होता, कुणाला दिसला नाही.

मिना माझ्या शेजारी उभी होती. परतताना रस्त्यात तिने हात धरला आणि विचारलं, ‘बाबा, शाळेत मुलं म्हणतात तू गावासाठी मुद्दाम हुकवलास. खरंय ना?’

तिला शाळेत ‘दुसऱ्यांच्या मुलांना आंघोळ घालणारीची मुलगी’ म्हणत होते. आता ‘फेर्मीनची मुलगी’ म्हणतात. माझ्या मनात आलं, हिला सांगावं. म्हणावं, बाळ, तुझा बाप आयुष्यात फक्त एक गोष्ट करायला शिकला आणि ज्या दिवशी ती सगळ्यात सोपी होती त्या दिवशी त्याला ती जमली नाही. तिने खालून वर बघितलं. नवीन दात आलेत, जरा मोठेच आलेत.

मी म्हटलं, ‘हो. मुद्दाम.’

तिने मान डोलावली. लगेच पटलं तिला.

कागद सही करून सोबत पाठवतोय. दोन वर्षांनी ती तुझ्याकडे येईल. तिकडे बर्फ पडतो म्हणतात, तो गुलाबी कोट तोवर आखूड होईल, दुसरा घे. भात मऊ करत जा, तिला तसाच आवडतो. चिडली की बोलत नाही, तेव्हा मागे लागू नकोस, आपणहून येते.

आणि एक मागणं आहे. गेल्या वर्षी मी तुझ्यापुढे नाक घासलं की माझ्यावर विश्वास ठेव. तू एकटीच आहेस जिने ठेवला. आता उलटं मागतो. ती मोठी झाली आणि तिने तुला विचारलं की बाबाने तो बॉल खरंच मुद्दाम सोडला का, तर तू हो म्हण.

तुझं खरं तुझ्याजवळ राहू दे. तिला हेच दे.

फेर्मीन